सॉनिक २: सातही एमराल्ड घेऊन डेथ एगपर्यंत कसं पोचायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मी हा गेम पहिल्यांदा बघितला तो मामाकडे, मामा आखातातून मेगा ड्राइव्ह, म्हणजे सेगा कंपनीचं गेमचं मशीन, घेऊन आला होता आणि त्याच्याबरोबर दोनच कॅसेट होत्या, त्यातली एक सॉनिक द हेजहॉग २. आमच्या चाळीत बाकी सगळ्यांकडे आठ-बिटवाले गेम होते, त्यामुळे तो निळा प्राणी त्या स्पीडने गोल रिंगणातून सुटताना बघून सगळे गपगार. तेव्हापासून कितीदा खेळलो याचा हिशोब नाही, आणि आता भाच्याला शिकवताना लक्षात आलं की आपण जे सवयीने करतो ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला पाहिजे. म्हणून हे.

आधी थोडक्यात ओळख. गेम आला नोव्हेंबर १९९२ मध्ये, जपानमध्ये २१ तारखेला आणि अमेरिका-युरोपात २४ तारखेला, मंगळवारी, ज्याला सेगाने जाहिरातीत 'सॉनिक ट्यूसडे' म्हटलं. बनवला अमेरिकेत, सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, युजी नाका आणि हिरोकाझू यासुहारा यांच्या टीमने, आणि म्युझिक मासातो नाकामुराचं. टेल्स, म्हणजे तो दोन शेपट्यांचा कोल्हा, याच गेममध्ये पहिल्यांदा आला आणि स्पिन डॅशसुद्धा इथलाच. एकूण अकरा झोन, म्हणजे वेगवेगळ्या जागा, आहेत, शेवटचा डेथ एग, आणि झोनच्या भागांना ॲक्ट म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओरिजिनल कॅसेटमध्ये सेव्ह नाही. एका बैठकीत पूर्ण करायचा.

हे सेव्ह नसणं डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सगळे म्हणतात सॉनिक म्हणजे स्पीड. पण नुसते उजवं बटण दाबून पळणारे आठव्या झोनला, मेट्रोपोलिसला, दोन लाइफ घेऊन पोचतात आणि तिथे संपतात. ज्याला शेवट बघायचाय त्याने पहिले दोन झोन हळू खेळायचे, पार चालत म्हटलं तरी चालेल, तिथेच सातही एमराल्ड (हे हिरे, सातही झाले की सॉनिक सुपर सॉनिक होतो) घ्यायचे आणि लाइफ साठवायच्या. सुरुवातीचे झोन सोपे आहेत, रिंग, म्हणजे गोळा करायच्या सोनेरी कड्या, भरपूर आहेत, मग घाई कशाला.

सुरू करायच्या आधी ऑप्शन्समध्ये जा

टायटल स्क्रीनवर खाली ऑप्शन्स आहे. तिथे प्लेयर निवडता येतो: सॉनिक आणि टेल्स दोघं, फक्त सॉनिक, फक्त टेल्स. एमराल्ड मिळवायचे असतील तर फक्त सॉनिक निवडा. कारण सांगतो. एमराल्ड मिळतात त्या वेगळ्या फेरीत, म्हणजे स्पेशल स्टेजमध्ये, टेल्स तुमच्या मागून थोडा उशिरा तीच हालचाल करतो, म्हणजे तुम्ही बाँब चुकवता आणि तो नेमका त्याच बाँबवर जाऊन आदळतो, आणि त्याच्या रिंग गेल्या की तुमच्याच बेरजेतून जातात. वर दोघं असताना रिंगचं टार्गेटही जास्त असतं. पहिल्या स्टेजचा पहिला टप्पा दोघांना ४० रिंगचा आहे, एकट्याला ३०.

पण घरात लहान पोरगं असेल आणि तेही खेळायला बसणार असेल तर दोघांचा ऑप्शन ठेवा आणि दुसरा रिमोट त्याच्या हातात द्या. दुसऱ्या रिमोटने टेल्स चालतो, टेल्स मेला तरी लाइफ जात नाही, थोड्या वेळाने उडत परत येतो, आणि बॉसला, म्हणजे झोनच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला, त्याने मारलेली हिट मोजली जाते. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने पहिल्या झोनचा, एमराल्ड हिलचा, अख्खा बॉस एकट्याने मारला, मी बाजूला नुसता उभा होतो.

हाताला बसवायच्या गोष्टी

ए, बी, सी तिन्ही बटणं उडीचीच. स्पिन डॅशसाठी उभं राहून खाली दाबून धरायचं, मग उडीचं बटण भराभर तीन-चार वेळा दाबायचं, घर्र घर्र असा आवाज चढत जातो, आणि खाली सोडलं की सुटतो. चढावर अडकलात, समोर भिंत आली, मागे जागा नाही, तर हाच उपाय. पळता पळता खाली दाबलं तर गोळा होऊन घरंगळतो, तो गोळा शत्रूंना फोडतो, त्यामुळे उतारावर नेहमी गोळा होऊनच जा, उभ्याने पळू नका.

खाली काय आहे दिसत नसेल तर उभं राहून खाली थोडा वेळ दाबून धरा, स्क्रीन खाली सरकते, वर दाबलं की वर. बरेच लोक हे वापरतच नाहीत आणि मग खड्ड्यात उडी मारून नशिबाला बोल लावतात.

रिंग हातात असेल तर मार लागून मरत नाही, सगळ्या सांडतात. कितीही असल्या तरी पडद्यावर जास्तीत जास्त ३२ उडतात, बाकीच्या गेल्याच. म्हणून १५० रिंग घेऊन फिरत असाल तर दुप्पट सावध रहा. सांडल्यावर घाबरून सगळ्यांच्या मागे पळू नका, जवळच्या दोन-तीन उचला आणि बाजूला व्हा. एक रिंगसुद्धा जीव वाचवते.

१०० रिंगला एक लाइफ, २०० ला आणखी एक. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं: ॲक्टच्या शेवटी बोनसची बेरीज १०,००० किंवा वर गेली तर कंटिन्यू मिळतो, म्हणजे सगळ्या लाइफ संपल्यावर पुढे खेळायची एक संधी. शेवटी हातात असलेली प्रत्येक रिंग १०० पॉइंटची, म्हणजे १०० रिंग घेऊन शेवटची पाटी ओलांडली की कंटिन्यू पक्का. घड्याळावर मात्र डोळा ठेवा, १० मिनिटं झाली की लाइफ जाते.

एमराल्ड हिल आणि केमिकल प्लांट: खरं काम इथे

प्रत्येक ॲक्टमध्ये मधेमधे स्टार पोस्टचे खांब असतात, आपण जवळून गेलो की वरचा गोळा गरकन फिरतो. हातात ५० किंवा जास्त रिंग असताना त्याला पहिल्यांदा शिवलं की खांबाच्या डोक्यावर छोटे तारे गोल फिरायला लागतात. त्यात उडी मारली की स्पेशल स्टेज. लगेच मारा, तारे फार वेळ थांबत नाहीत.

आता युक्ती. स्पेशल स्टेजमधून परत आलात की तुमच्या रिंग शून्य होतात, पण अख्ख्या ॲक्टमधल्या रिंग परत जागेवर येतात, तुम्ही उचललेल्यासुद्धा. म्हणजे खांबापासून उलटं, डावीकडे चालत जायचं, मागच्या ५० रिंग परत गोळा करायच्या, आणि मग पुढच्या खांबाकडे निघायचं. जो खांब एकदा शिवला तो परत तारे देत नाही. आणि पुढचा खांब शिवला की मागे राहिलेलेही वापरलेले धरले जातात, त्यामुळे एकही खांब सोडायचा नाही आणि ५० व्हायच्या आत शिवायचाही नाही. समोर खांब दिसला आणि वर ४३ आकडा दिसतोय, तर तिथेच थांबा, मागे फिरा, सात रिंग आणा. हे एवढं केलं तर केमिकल प्लांट संपेपर्यंत सातही एमराल्ड होतात. एमराल्ड हिलमध्ये शत्रूही किरकोळ आहेत, माकड नारळ फेकतं, मासा पुलाखालून उडी मारतो, गांधीलमाशी वरून गोळी टाकते, बस.

स्पेशल स्टेज म्हणजे अर्धा कापलेला पाइप, त्यात सॉनिक स्वतःच पळतो, तुम्ही फक्त डावीकडे-उजवीकडे आणि उडी. प्रत्येक स्टेजमध्ये टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेल्या रिंग पाहिजेत, जमल्या की अंगठा वर, नाही जमल्या की बाहेर. बाँब लागला की १० रिंग जातात आणि वर सॉनिक अडखळतो, त्या अडखळण्यात पुढची रांगही चुकते, म्हणजे खरं नुकसान दहापेक्षा मोठं असतं. म्हणून नियम असा ठेवा की रिंग चुकली तर चुकू दे, बाँब नको. रिंगांच्या ओळीत मधे बाँब असेल तर ओळीच्या कडेने जा, उडी शेवटचा उपाय, कारण हवेत असताना वळायला वेळ लागतो आणि खालच्या रिंगही सुटतात.

दुसरं म्हणजे नजर सॉनिकवर ठेवू नका. पाइप जिथे वळतोय तिथे ठेवा. सुरुवातीला हे जड जातं पण दोन-तीन वेळात सवय होते. आणि या स्टेज कधीच बदलत नाहीत, रिंग आणि बाँब दर वेळी त्याच जागी. हरलात तर पुढच्या वेळी तीच स्टेज परत येते, म्हणजे पाठ करा. मी शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो, 'डावी भिंत, मधे, उजवी भिंत, उडी', आणि पाचव्या-सहाव्या स्टेजला त्याच पानाने तारलं. शेवटच्या दोन स्टेज खरंच अवघड आहेत, तिथे पाठांतराशिवाय भागत नाही.

केमिकल प्लांट ॲक्ट २ मध्ये एक जागा आहे जिथे नवीन माणूस हमखास मरतो. खालून जांभळट गुलाबी पाणी वर येतं आणि हलणाऱ्या ठोकळ्यांवरून वर चढायचं असतं. चार-चार ठोकळ्यांची साखळी आडवी होते, मग उभी, परत आडवी. लोक घाबरून भराभर उड्या मारतात आणि पाण्यात पडतात. तुम्ही असं करा: साखळीची एक पूर्ण फेरी नुसती बघा. ठोकळे उभे व्हायला लागले की सगळ्यात वरच्यावर रहा, तोच तुम्हाला वर नेतो, आणि तिथून पुढच्या साखळीवर उडी. पाण्यात पडलात तरी लगेच मरत नाही, साधारण ३० सेकंद असतात. मधे टिंग टिंग वाजतं, मग ते म्युझिक सुरू होतं, ज्याने ऐकलंय त्याला नाव सांगायची गरज नाही, छातीत धडधडायला लागतं, आणि सॉनिकच्या डोक्यावर ५ पासून आकडे उतरत येतात. म्युझिक सुरू झालं म्हणजे अजून दहाएक सेकंद आहेत. पाण्यात उडी हळू पण उंच जाते, तेवढ्यात दोन उड्या नीट बसतात, उगाच बटणं बडवू नका.

बॉस सगळे ८ हिटमध्ये मरतात, शेवटचा सोडून. एमराल्ड हिलला रोबॉटनिकच्या, म्हणजे गेमच्या खलनायकाच्या, गाडीवर वरून उडी मारत रहा, शेवटी तो समोरचा ड्रिल सोडतो तेव्हा समोर उभे राहू नका. केमिकल प्लांटला तो वरून पाणी ओततो, ओतून झालं की लगेच घुसा, पण कडेच्या फळ्या उलटतात तिथे जास्त वेळ थांबू नका.

सुपर सॉनिक झालात, आता?

सात एमराल्ड झाल्यावर हातात ५० रिंग असताना उडी मारली की सॉनिक पिवळा होतो. मार लागत नाही, स्पीड बराच जास्त, उडी उंच, आणि दर सेकंदाला एक रिंग कमी. खड्डा, बुडणं आणि चेंगरणं यांनी मात्र तो मरतोच. या गेममध्ये तुम्हाला विचारत नाही, ५० झाल्या आणि उडी मारली की झालाच. म्हणून मधल्या झोनमध्ये कंटिन्यू साठवायचे असतील तर अडचण होते, रिंग १०० पर्यंत टिकतच नाहीत. माझं मत असं की जिथे शत्रू जास्त तिथे सुपर व्हा, जिथे खड्डे जास्त तिथे मुद्दाम ४९ च्या खाली रहा, कारण तो स्पीड बारीक उड्यांना अजिबात झेपत नाही.

मधले झोन

ॲक्वाटिक रुइनमध्ये एकच लक्षात ठेवा, वरचा रस्ता. खाली पडलात की पाणी, आणि तळातून येणाऱ्या बुडबुड्याची वाट बघत बसायचं. बॉसला दोन खांब येतात, त्यातून बाण सुटून समोरच्या खांबात रुततात, त्या रुतलेल्या बाणावर उभं राहून उडी मारली की रोबॉटनिकपर्यंत हात पोचतो.

कसिनो नाइट म्हणजे लाइफ भरायची जागा. स्लॉट मशीनमध्ये घुसत रहा, रिंगांचा पाऊस पडतो, फक्त तिन्ही खिडक्यांत रोबॉटनिकचं तोंड आलं की १०० रिंग जातात. त्याने मरत नाही, पण जमवलेलं सगळं धुतलं जातं. म्हणून नुकतीच शंभरी ओलांडून लाइफ मिळाली असेल तर मशीन खेळा, ९० वर असाल तर आधी दहा रिंग दुसरीकडून आणा. साडेसात-आठ मिनिटं झाली की मोह सोडा आणि पुढे निघा.

हिल टॉपला जमीन हादरायला लागली की पळा, लाव्हा वर येतो. बॉस डावी-उजवीकडच्या खड्ड्यातून वर येतो, येताच मारा.

मिस्टिक केव्ह ॲक्ट २ मध्ये ती कुप्रसिद्ध जागा आहे. वेलीला लटकायचं आणि उडी चुकली की एका अरुंद खड्ड्यात पडायचं, तळाला काटे, भिंती इतक्या उंच की बाहेर यायचा रस्ताच नाही. साधा सॉनिक लगेच मरतो. सुपर सॉनिक असाल तर आणखी वाईट, काट्यांवर आरामात उभे आणि रिंग एक-एक करून संपताना बघत बसायचं. इथे थांबून, वेल हातात नीट येऊ दे, मगच पुढे. गंमत म्हणजे २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत क्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉमली यांनी याच खड्ड्यातले काटे काढले आणि खाली हिडन पॅलेस झोन जोडला, जो १९९२ च्या गेममधून कापला गेला होता. म्हणजे फोनवर खेळत असाल तर त्या खड्ड्यात मुद्दाम पडा.

ऑइल ओशनला तेलात बुडायला वेळ लागतो, उड्या मारत राहिलात तर काही होत नाही.

मेट्रोपोलिस, जिथे बहुतेकांचा गेम संपतो

आधीच्या झोनला दोन ॲक्ट, याला तीन. आणि तीनच शत्रू, पण काय जागी बसवलेत. नाकतोड्यासारखा स्लायसर आपले कोयते फेकतो आणि ते तुमच्या मागे वळतात. खेकड्याचा पंजा एकदम लांब येतो. आणि तारा जवळ गेलात की पाच काटे उडवून फुटतो. ताऱ्याला मारायच्या भानगडीत पडूच नका, जवळ जाऊन त्याला थरथरायला लावा आणि मागे या, तो स्वतःच फुटतो. खेकड्याचा पंजा बाहेर येऊन परत आत गेला की मगच उडी. स्लायसर दिसला की उभे राहा, कोयते सुटू द्या, चुकवा, मग जा, रिकाम्या हाताचा स्लायसर काहीच करत नाही. हा झोन सुपर सॉनिकने खेळा, त्यासाठीच तर सगळा खटाटोप केला.

मोठ्या नट-बोल्टवर पळत वर चढायचं असतं, तिथे सावकाश पळा, डोकं छताला लागलं की उतरा. तिसऱ्या ॲक्टच्या बॉसभोवती गोळे फिरतात, प्रत्येक हिटला एक गोळा सुटून रोबॉटनिकच्या फुग्यासारखा उड्या मारत येतो. आधी तो फुगा फोडा, मग पुढची हिट. दोन फुगे एकदम अंगावर घेतलेत तर जागा उरत नाही.

स्काय चेज विमानावरून आहे, श्वास घ्यायला. विंग फोर्ट्रेसला सगळीकडे खाली मोकळं आकाश, इथे ४९ चा नियम पाळा.

डेथ एग

इथे एकही रिंग नाही. एक टोला आणि लाइफ गेली. दोन बॉस पाठोपाठ, मधे खांब नाही, दुसऱ्याला मेलात तरी पहिल्यापासून. म्हणूनच इथे येताना हातात आठ-दहा लाइफ आणि एक-दोन कंटिन्यू पाहिजेत.

पहिला धातूचा सॉनिक, ८ हिट. तो सरळ उभा असेल तेव्हाच मारायचा. गोळा झाला किंवा पाठीचे काटे पसरले की हात लावायचा नाही, नुसता चुकवायचा. त्याच्या हालचाली ठरलेल्या क्रमाने येतात, पहिल्या दोन लाइफ फक्त क्रम बघण्यात घालवा, मारायचा विचारही करू नका.

मग रोबॉटनिक पळतो आणि त्या मोठ्या रोबोमध्ये बसतो. याला १२ हिट. पुढच्या बाजूने पोटावर मारायचं, काटेरी हात लागले की मेलात. तो पावलं टाकत येतो आणि वाकतो, तेव्हा एक हिट. एकच. दुसरी मारायला गेलात की हात लागतो, माझ्या निम्म्या लाइफ त्या दुसऱ्या हिटच्या हावेत गेल्यात. मग तो वर उडतो आणि पडद्यावर एक निशाण तुमच्या मागे फिरतं, ते फिरत असताना पळत रहा, ते थांबून लॉक झालं की तो तिथेच पडणार, लगेच तिथून लांब व्हा. खाली आला की हात फेकतो, ते जाऊ द्या, परत वाकला की एक हिट. मनात आकडा मोजा, दहाच्या पुढे गेल्यावर घाई सुटते.

जमत नसेल तर सराव करा, त्यात काही कमीपणा नाही. ऑप्शन्समधल्या साउंड टेस्टमध्ये १९, ६५, ०९, १७ असे आवाज क्रमाने वाजवा, रिंगचा आवाज येईल. टायटल स्क्रीनवर या, ए दाबून धरून स्टार्ट दाबा, लेव्हल सिलेक्ट उघडतं. तो आकडा म्हणजे युजी नाकाची जन्मतारीख, १७ सप्टेंबर १९६५. तिथून थेट डेथ एग निवडून संध्याकाळभर तेवढाच बॉस खेळा, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून खरा गेम लावा.

बारावी हिट बसली की रिमोट खाली ठेवू नका. सगळं फुटायला लागतं, उजवीकडे पळत सुटायचं. सातही एमराल्ड असतील तर पुढे विमानाच्या बाजूने जो पिवळा सॉनिक उडत येतो, तो ज्यांनी एमराल्ड सोडले त्यांना दिसत नाही.